गोळी की क्रीम? पाळी गेल्यानंतरची उन्हाळी, गळती आणि हार्मोन

तुम्ही दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं उत्तर कशावर बेतलंय ते कळेल. वय ५८, पाळी जाऊन आठ वर्षं झाली. गेल्या वर्षभरात चार वेळा उन्हाळी लागली आणि चारही वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. शिंक आली की थेंब सांडतात, रात्री तीनदा उठावं लागतं. मधुमेह आहे, सहा महिन्यांपूर्वी त्यासाठी डापाग्लिफ्लोझिन सुरू झालं. डॉक्टरांनी योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलं, पण खोक्यातल्या कागदावर कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या असं वाचून तुम्ही ते कपाटात ठेवून दिलं. अमेरिकेतली बहीण हार्मोनची गोळी घेते. तिचं म्हणणं, क्रीमचा चिकटपणा हवा कशाला, गोळीच सुरू कर, लघवीचंही बरं होईल.

क्रीम कपाटातून बाहेर काढा, आणि लघवीच्या तक्रारीसाठी म्हणून गोळी सुरू करू नका. हार्मोन एकच, पण तोंडावाटे घेतलं तर लघवीवर होणारा परिणाम वेगळा आणि जागेवर लावलं तर वेगळा. इतका वेगळा, की गळतीच्या बाबतीत तो उलटा आहे. हे बऱ्याच डॉक्टरांच्याही ध्यानात नसतं, त्यामुळे बहिणीला दोष देऊ नका.

पाळी जाते म्हणजे फक्त रक्तस्राव थांबतो असं नाही. योनिमार्ग, मूत्रनलिका आणि मूत्राशयाचा तळ हे गर्भात एकमेकांना लागून घडलेले भाग आहेत आणि तिन्ही ठिकाणच्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसतात. ते असतं तोवर योनीचं अस्तर जाड, ओलसर आणि ग्लायकोजेनने (साखरेच्या साठ्याने) भरलेलं असतं. त्यावर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच ३.५ ते ४.५ च्या दरम्यान राहतो. एवढ्या आंबट जागी गुदद्वाराकडून येणाऱ्या ई. कोलाय या जंतूला बस्तान मांडता येत नाही. इस्ट्रोजेन गेलं की अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस निघून जातात, पीएच ५ च्या वर चढतो आणि आतड्यातल्या जंतूंना मूत्रनलिकेच्या दारापर्यंतचा रस्ता मोकळा होतो. मूत्रनलिकेचंही अस्तर पातळ होतं, म्हणून जंतुसंसर्ग नसतानाही जळजळतं आणि घाई होते. हाच तो भाग, जिथे 'रिपोर्ट नॉर्मल आहे, पण आग तर होतेय' अशी तक्रार घेऊन बायका दारोदार फिरतात.

अंगातून वाफा येणं, रात्री घामाघूम होणं हे बहुतेकींचं काही वर्षांत आपोआप ओसरतं. हे दुखणं ओसरत नाही, उलट वर्षागणिक वाढतं. २०१४ मध्ये रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या तज्ज्ञ संस्थांनी योनीच्या आणि लघवीच्या तक्रारी एकाच नावाखाली एकत्र आणल्या, तोवर लघवीचा डॉक्टर वेगळा आणि 'बायकांचा' डॉक्टर वेगळा, अशीच वाटणी चालू होती. आपल्याकडे अजूनही चालू आहे.

आता क्रीम काम करतं याला आधार काय? १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला राझ आणि स्टॅम यांचा अभ्यास मी अजूनही पेशंटना सांगते, कारण आकडे डोळ्यांत भरणारे आहेत. पाळी गेलेल्या, पुन्हा पुन्हा संसर्ग होणाऱ्या ९३ बायका. काहींना एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्या प्रकाराचं क्रीम, काहींना तसंच दिसणारं बिनऔषधाचं क्रीम. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, असं आठ महिने. बिनऔषधाच्या गटात दर बाईमागे वर्षाला सरासरी ५.९ वेळा संसर्ग झाला, औषधाच्या गटात ०.५ वेळा. महिन्याभरात औषध लावणाऱ्यांपैकी ६१ टक्के बायकांमध्ये लॅक्टोबॅसिलस परत आले, दुसऱ्या गटात एकीतही नाही. पीएच ५.५ वरून ३.८ वर उतरला. एवढा मोठा फरक प्रत्येक अभ्यासात दिसलेला नाही, पण दिशा कायम तीच राहिली, आणि अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी हे क्रीम वापरावं अशी शिफारस केली. 'वारंवार' म्हणजे सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा. तुमच्या चार वेळा त्यात सहज बसतात, मात्र त्या चारही वेळा खरोखर संसर्गच होता का, याबद्दल खाली बोलते.

गोळीचं काय झालं ते ऐका. नव्वदच्या दशकात अमेरिकेत हृदयविकार असलेल्या बायकांना हार्मोनच्या गोळ्या देऊन एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या ज्या १५२५ जणींना आधीपासून गळती होती, त्यांच्याकडे चार वर्षं लक्ष ठेवलं. गळती वाढली असं सांगणाऱ्या बायका गोळी घेणाऱ्यांत ३९ टक्के, न घेणाऱ्यांत २७ टक्के. संसर्गही गोळीने कमी झाले नाहीत. मग २००५ मध्ये वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या २७ हजारांवर बायकांच्या अभ्यासातून समोर आलं, की ज्यांना सुरुवातीला गळती नव्हतीच, त्यांच्यातही एक वर्ष गोळी घेतल्यावर खोकताना-शिंकताना होणारी गळती सुरू होण्याचं प्रमाण साधारण दुप्पट झालं. इस्ट्रोजेन एकटं दिलं तरी आणि प्रोजेस्टिन या गर्भपिशवीच्या रक्षणासाठी जोडीला देतात त्या दुसऱ्या हार्मोनसोबत दिलं तरी. या निकालाआधी गळतीसाठी म्हणून हौसेने गोळ्या लिहिल्या जात होत्या.

बहिणीचं सगळंच चुकीचं आहे असं मात्र नाही. वाफा, घाम, झोपमोड यांवर गोळी किंवा त्वचेवरचा पॅच यांच्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही, आणि साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत ती सुरू केली तर बहुतेक निरोगी बायकांमध्ये फायद्याचं पारडं जड असतं. तिला त्याच कारणासाठी दिली असेल तर तिची गोळी योग्य आहे. पण तिला हेही विचारा, की शिंकताना काय होतं. गोळी घेणाऱ्या अनेकींना खालच्या कोरडेपणासाठी शेवटी क्रीमही लागतंच.

खोक्यातल्या कागदाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो कागद या औषधासाठी लिहिलेलाच नाही. त्यातले इशारे गोळ्यांच्या २००२ मध्ये थांबवलेल्या अभ्यासातून उचलून सरसकट सगळ्या इस्ट्रोजेनवर चिकटवले गेले. मात्रेचा फरक बघा. योनीत ठेवायची एस्ट्राडायोलची (हाही इस्ट्रोजेनचाच प्रकार) १० मायक्रोग्रॅमची गोळी मिळते. ती पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा वापरली, तर वर्षभरात मिळून जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास औषध शरीरात जातं. तोंडाने घेणारी बाई तेवढं एका दिवसात घेते. कमी मात्रेचं इस्ट्रोजेन जागेवर लावलं तर रक्तातली पातळी पाळी गेलेल्या बाईची असते तेवढ्यातच राहते. वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्येच स्वतःहून योनीमार्गे इस्ट्रोजेन वापरणाऱ्या बायकांचा सात वर्षं मागोवा घेतला, तेव्हा स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर, पक्षाघात, गुठळ्या यांपैकी कशाचंही प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे चौकटीतले इशारे काढून टाकण्याची घोषणा केली. आपल्याकडच्या खोक्यांतले कागद बदलायला वेळ लागेल, तोवर तुमच्यासारख्या किती जणींची क्रीमं कपाटात पडून राहतील कोण जाणे.

अपवाद आहेत, ते नीट वाचा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, आणि विशेषतः लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोल या शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. त्यांच्यासाठी आधी हार्मोनविरहित मॉइश्चरायझर बघतात. पाळी गेल्यावर अंगावर लाल गेलं असेल आणि त्याची तपासणी झालेली नसेल, तर आधी तपासणी, मग क्रीम. गर्भपिशवी शाबूत असली तरी कमी मात्रेच्या क्रीमसोबत प्रोजेस्टेरॉनची गोळी लागत नाही.

लावायचं कसं, हे कुणी सांगत नाही. चिठ्ठीवर 'स्थानिक वापरासाठी' एवढंच असतं, आणि औषधाच्या दुकानात विचारायची लाज वाटते. तुमच्याकडे एस्ट्रिऑलचं, एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम असणारं क्रीम असावं, आपल्याकडे तेच जास्त चालतं. एका वेळी अर्धा ग्रॅम पुरे. अॅप्लिकेटर काठोकाठ भरू नका, त्यात कितीतरी जास्त मावतं आणि मग सकाळी सगळं कपड्यांवर येतं. बहिणीची 'चिकटपणा'ची तक्रार बहुतेक तिथूनच आली आहे. अॅप्लिकेटर टोचत असेल तर तो बाजूला ठेवा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर त्या पेराएवढ्या लांबीची रेघ घ्या, रात्री झोपताना बोट आत घालून लावा आणि थोडंसं लघवीच्या दाराभोवती. दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. सोमवार-गुरुवार असे वार ठरवून घेतले की विसरायला होत नाही. काँज्युगेटेड इस्ट्रोजेन या दुसऱ्या प्रकाराचं क्रीम असेल तर ते रक्तात थोडं जास्त उतरतं, म्हणून मात्रा डॉक्टरांनी लिहिली असेल त्याच्यावर नेऊ नका.

पहिला आठवडा आग होऊ शकते. ती अॅलर्जी नसते, अस्तर पातळ असतं म्हणून झोंबतं. त्या आठवड्यातच निम्म्या जणी बंद करतात असं मला ओपीडीत दिसतं. तेवढे दिवस काढा. कोरडेपणा दोन ते चार आठवड्यांत कमी होईल, घाई आणि जळजळ त्यानंतर, आणि संसर्ग कमी झाले की नाही हे कळायला तीन महिने तरी जावे लागतात. बरं वाटलं म्हणून थांबवलंत तर काही महिन्यांत सगळं पूर्वपदावर येतं. हे चष्म्यासारखं आहे, कोर्ससारखं नाही. मिस्टरांना त्रास होईल का, असं पुष्कळजणी हळू आवाजात विचारतात. संबंधांच्या लगेच आधी लावू नका, इतर रात्री लावा, एवढं केलं की काही होत नाही.

आता त्या चार कोर्सेसकडे. दर वेळी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, केलं होतं का? की नुसत्या 'पस सेल्स'वर (लघवीत दिसणाऱ्या पूच्या पेशींवर) गोळ्या दिल्या? पाळी गेलेल्या, त्यातून मधुमेही बाईच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. त्रास नसेल तर त्यावर औषध द्यायचं नसतं. दिलं तर फायदा शून्य आणि पुढच्या वेळचे जंतू जास्त निगरगट्ट. आपल्याकडच्या ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं आताच फारशी चालत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी खरंच जळजळ, घाई, ओटीपोटात दुखणं सुरू झालं, तर पहिली गोळी घेण्याआधी कल्चरचा नमुना द्या: जागा साध्या पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली. कोर्स संपल्यावर बरं वाटत असेल तर 'खात्रीसाठी' पुन्हा कल्चर करू नका. त्या खात्रीतूनच पुढचा अनावश्यक कोर्स जन्माला येतो.

धणे-जिऱ्याचं पाणी, बार्ली, सब्जा हे प्यायला हरकत नाही, पाणी पोटात जातं हा त्यातला खरा गुण. दह्यातले जिवाणू लॅक्टोबॅसिलसच्याच घराण्यातले, म्हणून दही आत लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. खास 'तिथल्यासाठी' म्हणून विकले जाणारे सुगंधी वॉशही नकोत. क्रीम लावूनही संसर्ग थांबले नाहीत तर मेथेनामाइन नावाची, अँटिबायोटिक नसलेली गोळी आहे. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ती रोजच्या कमी मात्रेच्या अँटिबायोटिकच्या तोडीस तोड ठरली. ती पुढची पायरी.

मधुमेहाच्या गोळीकडे मात्र मला जरा थांबायचं आहे, कारण तुमच्या प्रश्नात ती सहज एका ओळीत येऊन गेली. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. लघवी वाढते, आणि ती गोड लघवी ज्या त्वचेला लागते तिथे बुरशी माजते: खाज, लाली, चिरा, दह्यासारखं पांढरं. अशा चिरा पडलेल्या जागेवरून लघवी गेली की आग होते आणि बाई म्हणते उन्हाळी लागली. एरवी पाळी गेल्यावर योनीत बुरशी कमी होते, तिलाही इस्ट्रोजेनच्या काळातलं ग्लायकोजेन लागतं. त्यामुळे या वयात वारंवार बुरशी दिसली की मी आधी साखर आणि ही गोळी बघते. तुमच्या चार प्रसंगांपैकी किती त्या गोळीनंतरचे, हे तारखा लावून पाहा. आग लघवी करताना आतून होते की बाहेरच्या कातडीला लागल्यावर, हेही आठवा. पण स्वतःहून ती बंद करू नका. हृदय आणि मूत्रपिंड यांच्यासाठी ती फार उपयोगाची आहे, आणि तुमच्या फिजिशियनने बहुधा त्याच विचाराने दिली आहे. त्यांना तारखा दाखवा, निर्णय त्यांच्यासोबत घ्या.

शिंकताना सांडणारे थेंब ही वेगळी गोष्ट. त्याला क्रीमची मदत थोडी, खरं काम स्नायूंचं. वायू रोखून धरताना जे स्नायू आत ओढले जातात तेच आवळायचे: पोट, मांड्या, श्वास मोकळे ठेवून. आठ सेकंदांपर्यंत धरून सोडायचे, असे आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. लघवी करताना धार अडवून सराव करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. बऱ्याच जणी आवळण्याऐवजी खाली जोर लावतात आणि महिनोन्महिने उलटा व्यायाम करत राहतात, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्ट किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. त्याच वेळी अंग बाहेर येतंय का हे तपासणीत, आणि लघवी करून झाल्यावर आत किती शिल्लक राहते हे सोनोग्राफीत बघता येईल. शिल्लक जास्त राहत असेल तर क्रीम लावूनही संसर्ग होत राहतील. वजन जास्त असेल तर थोडं उतरवूनही फरक पडतो. एका अमेरिकी अभ्यासात वजन सुमारे ८ टक्के कमी केलेल्या बायकांच्या गळतीचे प्रसंग जवळपास निम्म्यावर आले. शस्त्रक्रिया आहे, चांगलीही आहे, पण व्यायामाला तीन महिने दिल्याशिवाय तिचं नाव काढू नका.

रात्रीच्या तीन फेऱ्यांसाठी तीन दिवस वही ठेवा: किती वाजता, किती मिली. स्वयंपाकघरातलं जुनं मापाचं भांडं त्या कामाला द्या. रात्री दर वेळी भरपूर लघवी होत असेल तर दोष मूत्राशयात नाही. पायांवरची दिवसभराची सूज आडवं झाल्यावर उतरतेय, साखर वर आहे, घोरण्याचा आजार आहे किंवा नवी गोळी काम करतेय, असं काहीतरी असतं. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेत असाल तर सुजेचं तेही एक कारण. दर वेळी थोडीच होत असेल तर मात्र मूत्राशय चिडचिडं आहे, आणि तिथे क्रीमचा उपयोग होतो. त्यासाठी कुणी ऑक्सिब्युटिनिन लिहिलं तर साठीकडे झुकलेल्या वयात स्मरणावर होणाऱ्या परिणामाबद्दल जरूर विचारा. मिराबेग्रॉनचा पर्याय आहे, फक्त रक्तदाब बघून.

तुम्हाला लागू नाही, तरी एक सांगायला हवं, कारण मैत्रिणी-नात्यातल्या कुणाला तरी लागू असेल. चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं तेव्हा निदान चर्चा तरी झाली. पिशवीसोबत अंडाशयही काढले असतील तर त्या बाईला तिशी-चाळिशीतच एका दिवसात रजोनिवृत्ती येते. तिच्यासाठी हिशेब वेगळा आहे: हाडं आणि हृदय यांच्यासाठी नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत पूर्ण मात्रेची हार्मोन गोळी किंवा पॅच सहसा द्यायलाच हवा, आणि लघवीच्या तक्रारी असतील तर त्यासोबत क्रीम. अशा बाईला 'गोळी वाईट' म्हणून घाबरवू नका. पिशवी काढल्याचे कागद शोधून अंडाशय ठेवले की काढले ते बघायला सांगा. अनेकींना ते माहीतच नसतं.

तुमच्यासाठी शेवटचं: लघवीतून लाल गेलं, जळजळ असो वा नसो, किंवा थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं सुरू झालं, तर क्रीमचे तीन महिने मोजत बसू नका. ताप-थंडी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लाल रंग एकदाच दिसून गेला तरी त्या आठवड्यात दाखवा, सोनोग्राफी आणि गरज पडली तर दुर्बिणीतून तपासणी करून घ्या. आणि ते लाल लघवीतून आलं की योनीतून, हे कळत नसेल तर डॉक्टरांना तसंच सांगा, दोन्हीकडून बघता येतं.